आकडा सांगितलास की गप्प बस

अगं, ऑफर आली म्हणून पेढे वाट, खुशाल वाट. पण त्या मेलला लगेच ‘अॅक्सेप्टेड’ म्हणून कळवू नकोस. ‘थँक यू, दोन दिवसांत कळवते’ एवढंच लिही. एचआरवाल्यांना याची सवय असते.

तुझ्या मनात काय चाललंय ते कळतंय मला. जास्त मागितलं तर हावरट दिसेन, आहे त्यात काय वाईट आहे, उगाच कशाला ताणायचं? हा तुझ्या एकटीचा भित्रेपणा नाही बरं का. लायब्रँट आणि लिस्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत नोकरी शोधणाऱ्या जवळजवळ अडीच हजार जणांवर प्रयोग केला होता. जाहिरातीत पगाराचं मोघम असलं की पुरुष वाढवून मागायचे आणि बायका मागे राहायच्या. ‘पगार बोलून ठरवता येईल’ असं स्वच्छ छापलं की हा फरक जवळपास उरायचाच नाही. म्हणजे बोलता आपल्यालाही येतं, फक्त कोणीतरी ‘बोल’ म्हणायची आपण वाट बघतो. तेव्हा ते वाक्य तुझ्या ऑफर लेटरमध्ये नसलं, तरी आहे असंच समज.

आता वही घे आणि तो आकडा फोडून बघ. नऊ लाखांचं पॅकेज म्हटलं की आपण बारानं भागतो आणि पंचाहत्तर हजारांवर खूश होतो. पण समज, बेसिक साडेचार लाख आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ५४ हजार, तो त्यातच धरलेला. ग्रॅच्युइटी साडेएकवीस हजारांच्या आसपास, तीही त्यातच. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर ९० हजार वर्षअखेरीच्या भरवशावर. उरलेल्यातून तुझा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स गेला की महिन्याला हातात येतात साडेछप्पन्न हजारांच्या आगेमागे. हा हिशेब झाला की मागायची लाज आपोआप कमी होते बघ. आणि एचआरला थेट विचारता येतं, ‘फिक्स्ड किती? व्हेरिएबल कशावर ठरतं? गेल्या वर्षी लोकांना पूर्ण मिळालं का?’

मग त्याच कामाला बाजारात काय मिळतं ते काढ. कॉलेजचे मित्र, जुने सहकारी, सगळ्यांना विचार. मुलांना तर नक्की विचार, फक्त मैत्रिणींना विचारलंस तर कमीच आकडे गोळा होतील.

फोनवर वाक्य छोटं ठेव. ‘मी गेली दोन वर्षं हेच काम स्वतंत्रपणे सांभाळते आहे. त्या हिशेबानं माझी अपेक्षा साडेदहाची आहे.’ बस्स. यापुढे तोंड बंद. ‘म्हणजे अगदी तेवढेच नाही, थोडं इकडेतिकडे चालेल’ हे शेपूट आपणच जोडतो आणि समोरच्यानं ब्र काढायच्या आत स्वतःचा आकडा खाली आणतो. तिकडे शांतता पसरली तर पसरू दे, ते हिशेब करत असतात. घराचा हप्ता, बाबांचं औषधपाणी यातलं काही काढू नकोस. पैसे कामाचे मागायचे, अडचणीचे नाहीत. पगार हलत नसेल तर जॉइनिंग बोनस, सहा महिन्यांनी आढावा, घरून कामाचे दिवस यावर बोल. जे ठरेल ते मेलवर घे.

एक कडू गोष्टही सांगून ठेवते. तेच वाक्य पुरुषानं म्हटलं की ठाम आणि बाईनं म्हटलं की आगाऊ, असं होतं. यावर अभ्यास झालेत, आणि आपण अनुभवतोच की. म्हणून ‘मला हवंय’पेक्षा ‘या जबाबदारीला हे योग्य आहे’ असं मांड. अन्याय आहे, मान्य. पण पगार तर पदरात पडू दे, मग भांडू त्या अन्यायाशी.

वेळही साधायला हवी. लतादीदींना फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायचं आमंत्रण होतं, तेव्हा त्यांनी नकार दिला, कारण पार्श्वगायकांना पुरस्कारच नव्हता. तो १९५९ मध्ये सुरू झाला आणि पहिला मिळाला त्यांनाच, ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी. गाणं समोरच्यांना हवं होतं, तेव्हाच त्या बोलल्या. तुझीही वेळ हीच आहे: त्यांनी तुला निवडलंय आणि तू अजून हो म्हटलेलं नाहीस. एकदा रुजू झालीस की पुढची प्रत्येक वाढ याच आकड्यावर टक्क्यांनी मिळणार.

तेव्हा आज रात्री ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघ. हवं तर मला फोन कर, मी एचआर होते. आणि हो, त्यांनी ‘सध्या किती मिळतात?’ विचारलं, तर ‘या पदासाठी माझी अपेक्षा सांगते’ म्हणून सरळ साडेदहावर ये.