नाकावाटे उच्च प्रवाहाने प्राणवायू

धाप लागलेल्या रुग्णाच्या नाकाशी प्राणवायूची नळी लावली की त्याच्या फुप्फुसांत निव्वळ प्राणवायूच जाऊ लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तसे घडत नाही. निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. परंतु ही हवा सलगपणे आत येत नसते. श्वास ऐन भरात असताना तिचा वेग मिनिटाला ३० लिटरांच्या घरात जातो, आणि न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या रुग्णात तो ६० लिटरांहूनही अधिक होऊ शकतो. साध्या नळीतून मात्र मिनिटाला ५-६ लिटरच प्राणवायू मिळतो. उरलेली गरज रुग्ण भोवतालच्या हवेतून भागवितो. या हवेत प्राणवायूचे प्रमाण अवघे २१ टक्के असल्यामुळे नळीतील शुद्ध प्राणवायू विरळ होतो. म्हणजे ज्याची धाप अधिक, त्याच्याच वाट्याला अधिक विरळ मिश्रण येते.

ही उणीव भरून काढण्याचे काम उच्च प्रवाहाची पद्धती करते. हिच्या उपकरणाचे चार भाग असतात: हवा व प्राणवायू यांचे हव्या त्या प्रमाणात मिश्रण करणारे यंत्र, ते मिश्रण ऊन व दमट करणारे पाण्याचे पात्र, आतून तापविलेली लांब नळी आणि नाकपुड्यांत सैलसर बसणारी मऊ, दुतोंडी नळी. प्रवाह मिनिटाला ६० लिटरांपर्यंत वाढविता येतो आणि मिश्रणातील प्राणवायूचे प्रमाण २१ पासून १०० टक्क्यांपर्यंत स्वतंत्रपणे ठरविता येते.

टाकीतील प्राणवायू अत्यंत कोरडा असतो. तो एवढ्या वेगाने तसाच सोडला, तर नाकातील नाजूक त्वचा सुकून रुग्णास तो क्षणभरही सोसवणार नाही. म्हणून तो सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, दर लिटरमागे सुमारे ४४ मिलिग्रॅम बाष्प मिसळून देतात. त्यामुळे कफही पातळ राहतो. आणखी एक लाभ आहे. साध्या श्वासातील ५०० मिलिलिटर हवेपैकी सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते. वायुकोशांपर्यंत ती पोहोचतच नाही. उच्छ्वासानंतर या मार्गात उरलेली, कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त हवा पुढच्या श्वासाबरोबर पुन्हा आत जाते. जोरदार प्रवाह नाक व घसा यांतील ही हवा धुऊन काढतो आणि प्रत्येक श्वास अधिक उपयोगी ठरतो. तोंड मिटलेले असल्यास फुप्फुसांवर किंचित दाबही राहतो.

या उपचाराला प्राणवायू मात्र फार लागतो. १०० टक्के प्राणवायू मिनिटाला ६० लिटर या दराने दिल्यास तासाला ३,६०० लिटर खर्च होतो. ७ घनमीटरांचे मोठे सिलिंडर अशा वेळी दोन तासही पुरत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारतात प्राणवायूची टंचाई भासली, तेव्हा हा हिशेब अनेक रुग्णालयांना मांडावा लागला.

फ्रान्स व बेल्जियममधील २३ अतिदक्षता विभागांत ३१० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ येण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही. तथापि ९० दिवसांतील मृत्यू उच्च प्रवाहाच्या गटात १२ टक्के, तर साध्या प्राणवायूच्या गटात २३ टक्के होते. याउलट, ब्रिटनमधील कोविडच्या रुग्णांवरील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या प्राणवायूहून या पद्धतीचा असा सरस परिणाम दिसला नाही. तेव्हा ही पद्धती रामबाण नव्हे.

किंबहुना तिच्यामुळे मिळणाऱ्या आरामातच एक धोका दडलेला असतो. रुग्ण बोलू शकतो, घोटभर पाणी पितो आणि त्यामुळे तो सुधारत असल्याचा भास होतो. आत मात्र श्वसनाचे स्नायू थकत जातात. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या कोरियातील एका पाहणीत, ज्यांना अखेर कृत्रिम श्वसनयंत्र लावावे लागले अशा १७५ रुग्णांची नोंद तपासली गेली. ४८ तासांच्या आत निर्णय झालेल्यांपैकी अतिदक्षता विभागात ३९ टक्के दगावले. त्यानंतर झालेल्यांपैकी ६७ टक्के. केवळ विलंबानेच हा फरक पडला, असे अशा पाहणीवरून सिद्ध होत नसले, तरी इशारा स्पष्ट आहे.

यासाठी एक सोपे गणित उपयोगी पडते. रक्तातील प्राणवायूच्या संपृक्ततेच्या टक्केवारीला मिश्रणातील प्राणवायूच्या अंशाने भागावे आणि आलेल्या उत्तराला मिनिटातील श्वासांच्या संख्येने भागावे. याला रॉक्स निर्देशांक म्हणतात. संपृक्तता ९२, अंश ०.६ व श्वास ३० असल्यास निर्देशांक सुमारे ५.१ येतो. काही तासांनी हेच आकडे ९०, ०.८ व ३६ झाले, तर तो ३.१ पर्यंत घसरतो. संपृक्तता जवळजवळ तीच, पण रुग्णाची अवस्था किती ढासळली ते दिसून येते. न्यूमोनियाच्या रुग्णांवरील २०१९ च्या अभ्यासात ४.८८ वा अधिक निर्देशांक असलेल्यांना श्वसनयंत्राची गरज पडण्याचा संभव कमी आढळला. बाराव्या तासाला तो ३.८५ च्या खाली असल्यास उपचार अयशस्वी होण्याचा धोका मोठा होता.

अर्थात निर्णय एकट्या आकड्यावर सोपवून चालत नाही. मानेचे स्नायू ताणले जाणे, गुंगी येणे, घाम सुटणे ही लक्षणेही तितकीच बोलकी असतात. हा उपचार फुप्फुसांचा रोग बरा करीत नाही. औषधे लागू पडेपर्यंत तो अवधी मिळवून देतो. त्या अवधीत रुग्णाचे श्वास वारंवार मोजले जाणे आणि गरज पडताच पुढचा उपाय करता येईल अशी तयारी हाताशी असणे अत्यावश्यक आहे.