मंगळवारी वेरूळला गेलेल्यांची गोष्ट

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. उभा जन्म महाराष्ट्रात काढूनही हे मला माहीत नव्हतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेनऊला, लेण्यांच्या बंद फाटकासमोर उभी राहिले तेव्हा कळलं. सोबत नवरा आणि सत्तरीला टेकलेली आत्या. ती एवढंच म्हणाली, "अगं, माहेरी जातानासुद्धा माणूस विचारून निघतं."

दिवस वाया जायला नको म्हणून मग आम्ही जे जे केलं, ते तुम्ही करू नये यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्यांदा घृष्णेश्वर. देऊळ लेण्यांपासून चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे लेणी हुकलेले सगळेच तिथे. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगातलं काढावं लागतं, हेही आम्हाला आयत्या वेळी समजलं. नवरा शर्ट-बनियनची गुंडाळी काखेत धरून, पाकीट कुठे ठेवू या विवंचनेत दर्शन घेऊन आला. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या त्या लाल दगडाच्या देवळाकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तिथून निघून दौलताबादला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. डोक्यावर ऊन, तिघांत मिळून पाण्याची एकच बाटली आणि माझ्या पायात घरातून तशाच निघालेल्या सपाता. यादवांचा हा देवगिरी म्हणजे दुपारच्या जेवणाआधी सहज उरकायचा किल्ला नव्हे. हत्ती धडकू नयेत म्हणून खिळे ठोकलेले दरवाजे, मग चांदमिनार, मग चिनी महाल, इथवर चढ तसा सोसतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याच महालात कैदेत होता. आत्या तिथल्याच पायऱ्यांवर बसली. "त्याला बसवलं होतं, मी आपणहून बसते. तुम्ही जाऊन या."

आम्ही दोघं पुढे गेलो. खंदकावरचा पूल ओलांडला की कातळात कोरलेली अंधारी लागते. शत्रू आत शिरलाच तर चाचपडत मरावा म्हणून केलेली वाट ती. पायऱ्या एका मापाच्या नाहीत, वाट मध्येच वळते, डोक्यावर वटवाघळं आणि त्यांचा तो उग्र दर्प. माझ्या फोनची बॅटरी नऊ टक्के उरलेली. उजेड विझला तेव्हा माझा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा कशावर होता ते मला आजही सांगता येणार नाही. भिंतीला हात लावत मागे फिरलो. नवऱ्याचा गुडघा सोलवटला होता. बारादरी राहिली, वरची तोफ राहिली.

खाली आत्याशेजारी एक काकडीवाली टेकली होती. आमच्याकडे बघून म्हणाली, "एवढ्या उन्हाचं काहून चढू राहिले? सकाळी यायचं ना."

त्या बाईच्या एका वाक्यात अख्खं वेळापत्रक आहे. बहुतेक लोक आधी वेरूळ करतात आणि परतीच्या वाटेवर, थकल्या पायांनी, दौलताबाद. हे उलटं करा. शहरापासून पंधराएक किलोमीटरवरचा किल्ला उघडताच चढायला लागा, बंद बूट घालून आणि खराखुरा टॉर्च घेऊन. मग घाट चढून खुलताबाद, आणि वेरूळ दुपारनंतर. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. ऊन कलतं तसं ते आत शिरतं आणि सकाळी सावलीत बसलेले दगड तेव्हा कुठे बोलू लागतात. कैलास आधी खालून पाहा, मग बाजूच्या टेकडीवरून. वरून कोरत खाली आले म्हणजे काय केलं, हे तिथून दिसतं. चौतीसच्या चौतीस लेणी पाहण्याचा हट्ट मात्र सोडा. अजिंठ्याला वेगळा दिवस लागतो. शंभर किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, आणि शेवटच्या टप्प्याला आपली गाडी ठेवून तिथली बस धरणं.

खुलताबादला लोक भद्रा मारुतीसाठी थांबतात. झोपलेला मारुती, शनिवारी तोबा गर्दी. माझ्या मनात दुसरंच राहिलं. 1610 साली खडकी हे गाव वसवणारा मलिक अंबर आणि 1682 साली त्या शहराला तट घालणारा औरंगजेब, दोघांच्याही कबरी शहरात नाहीत, इथे आहेत. अंबरावर घुमट आहे, बादशहावर आभाळ.

तो तट आता जवळजवळ उरलेला नाही. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. मोजायला निघालात तर बावन्नाच्या जवळपासही पोचणार नाही. जे आहेत ते रहदारीत उभे आहेत. म्हणून छत्रपती संभाजीनगरचा हा भाग (आत्याच्या तोंडी अजून औरंगाबादच) पहाटे पायी पाहायचा. भडकल दरवाजापासून सुरुवात करा. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबराने तो 1612 मध्ये उभारला. मग पाणचक्की, मकई दरवाजा आणि मकबरा. मकबऱ्याला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून मोकळं होऊ नका. बांधायला सहा लाख अडुसष्ट हजार रुपयांच्या वर खर्च आला होता म्हणतात. संगमरवर संपून चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो ते बोटाने शोधा, त्यात मजा आहे. दुपारी नान-खलिया. शाकाहाऱ्यांनी गुलमंडीकडे वळावं.

एक राहिलंच. त्या मंगळवारी संध्याकाळी गाडीवाल्याने न विचारता आम्हाला एका पैठणीच्या दुकानात नेलं. "हातमागाची, बघा तर खरं." मी भाव विचारणार तोच आत्याने पदर उलटा केला. मागे कापलेल्या धाग्यांची झिपरी होती. हातमागाच्या पैठणीला पाठ-पोट सारखंच सुबक असतं. काही न बोलता तिने घडी होती तशी घातली आणि दुकानदाराकडे पाणी मागितलं.

डिसेंबरात पुन्हा गेलो. बुधवारी. अंधारीच्या तोंडाशी मी आत्याला म्हटलं, तू इथेच थांब. तिने पिशवीतून लोडशेडिंगच्या काळातली स्टीलची बॅटरी काढली, तळहातावर दोनदा आपटून पेटवली आणि म्हणाली, "तू चल पुढे. मागून उजेड दाखवते."