म्हणे युजर एरर!

आमच्या हॉस्पिटलच्या स्टोअरला बारकोड मशीन आलं ते वरच्यांच्या हौसेनं. डेमो त्यांनी पाहिला, चहा-बिस्किटं त्यांनी खाल्ली. बोलणी मात्र मी खाल्ली. म्हणून हे लिहितेय.

आमच्याकडे येणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या खोक्यात बारा पाकिटं असतात. खोक्यावर एक कोड, आतल्या पाकिटावर वेगळा. दोन्ही एकाच आयटमला जोडलेले, पण एक खोकं म्हणजे बारा नग हे कुठंच भरलेलं नव्हतं. माल आला की आम्ही खोकं स्कॅन करायचो, जमा एक. ओटीला पाकिटं सुटी जातात. तिथं वजा एक. म्हणजे पहिलं पाकीट गेलं की कॉम्प्युटरच्या लेखी खोकं संपलं. आणि साठा संपला की ऑर्डर आपोआप जाणार, याचंच तर डेमोत कौतुक झालेलं!

डिस्ट्रिब्युटरचा पोरगा खोकी उतरवताना म्हणाला, "मॅडम, नवीन ओटी काढली का?" तेव्हा माझ्या डोक्यात टिकटिक सुरू झाली. मी एक नवं खोकं जमा केलं, फोडलं, त्यातलं एकच पाकीट ओटीच्या नावावर टाकलं. स्क्रीनवर शिल्लक शून्य. उरलेली अकरा माझ्या हातात. खाली ऑर्डर तयार.

मशीनच्या कंपनीचा माणूस आला तो लॅपटॉप उघडायच्या आधीच "युजर एरर आहे, ट्रेनिंग परत घेऊ" म्हणून मोकळा झाला. मेट्रनसमोर, अ‍ॅडमिनसमोर. मी तोच प्रयोग त्याला करून दाखवला. मग म्हणे, "आयटमचा मास्टर तुम्ही भरायला हवा होता." मास्टर त्यांच्याच ऑफिसात भरला होता, तसा मेलही माझ्याकडे होता. तो दाखवल्यावर "बघतो" म्हणाला. चुकलं म्हणायला जीभ रेटेना.

तेव्हा, मशीन घेणाऱ्यांनी डेमोला कंपनीचं नमुन्याचं खोकं चालवून घेऊ नये. आपल्या रॅकवरचा माल न्यावा: खोकं, सुटं पाकीट, शंभराचे हातमोजे, सलाइनचा कार्टन. जमा करा, सुटं द्या, परत घ्या, शिल्लक बघा. ऑर्डर आपोआप तयार होऊ दे, पण माणसाच्या सहीशिवाय जाता कामा नये.

औषधांवरच्या चौकोनी कोडाची वेगळीच गंमत. 01 नंतर चौदा आकडी वस्तू क्रमांक, 17 नंतर एक्स्पायरी, 10 नंतर बॅच. बॅचची लांबी ठरलेली नसते, म्हणून तिच्यामागे आणखी काही असेल तर मध्ये एक न दिसणारी खूण असते. आमच्या स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ती गळायची आणि ज्या कोडात बॅच आधी, तिथं एक्स्पायरी बॅचलाच चिकटायची. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते. दिवसाच्या जागी 00 दिसलं तर महिन्याचा शेवटचा दिवस धरा. जुना लेझर स्कॅनर फक्त उभ्या रेघा वाचतो, चौकोन नाही. हेही आम्हाला बिल भरल्यावर कळलं.

1 ऑगस्ट 2023 पासून बनलेल्या ठरावीक 300 ब्रँडच्या औषधांवर कोड सक्तीचा आहे, सगळ्या मालावर नाही. गॉज, कापूस, सुटा माल यांना आपणच लेबल छापायचं. ते कोण छापणार हे आधी ठरवा, नाहीतर ते स्टोअरच्याच गळ्यात पडतं.

कॉम्प्युटरला स्कॅनर म्हणजे कीबोर्डच. क्लार्कनं पत्र लिहून कीबोर्ड मराठीवर सोडला की कोडाच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. बॅकअप घ्या, सगळ्यांना शिकवा, हे तर कुणीही सांगेल. रॅकवरचं हातानं लिहायचं बिन कार्ड मात्र फेकू नका. माझं होतं, म्हणून मी वाचले.

जादा धागा डिस्ट्रिब्युटर परत घ्यायला तयार नाही. परवा कंपनीचं एएमसीचं बिल आलं, त्यात पुनर्प्रशिक्षणाचे पैसे वेगळे लावलेत. मी सही न करता अकाउंट्सकडे परत पाठवलंय, सोबत त्या मेलची प्रत जोडून.