शुश्रूषा आणि मैदान

मनुष्याच्या आयुष्यात कधीकधी दोन कर्तव्ये एकाच वेळी दारात उभी राहतात आणि दोघांनाही एकदम आत घेता येत नाही. तरुण खेळाडूच्या घरी आई किंवा वडील कर्करोगाने आजारी पडले म्हणजे नेमके असेच होते. अशा वेळी मैदानाचे काय करावे, याचा विचार आपल्या संस्थेतील कुटुंबांनी आधीच करून ठेवलेला बरा. कारण प्रसंग आला म्हणजे विचाराला सवड राहत नाही. आम्ही हे अनुभवाने लिहीत आहोत.

२०१७ साली आम्ही बेळगावात पाच हजार मीटरच्या शर्यतीची तयारी करीत होतो. राज्याच्या निवडचाचणीला चार महिने होते. आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, तंबाखूची जुनी सवय. त्यांच्या गालाला आतून जखम झाली होती. तिखट लागले की ते तोंड फिरवीत आणि विचारले तर ‘दाढ दुखते’ म्हणून सांगत. आईला खरे कळले तेव्हा ते तिला म्हणाले, “पोराची चाचणी होऊन जाऊ दे, मग दाखवू.” या एका वाक्यापायी तीन महिने गेले.

पहिला धडा येथेच आहे. तोंडातील जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येत नाही, जो पांढरा किंवा लाल चट्टा जात नाही, ज्यामुळे तोंड पुरते उघडत नाही, ते डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. मुलाच्या वाटेत येऊ नये म्हणून दुखणे लपविणारा बाप मुलावर माया करतो हे खरे. परंतु लवकर सापडलेल्या रोगाचे उपचार सोपे असतात आणि गुण येण्याची आशाही अधिक असते. दोष आमच्याकडेही होता. स्वतःच्या नाडीचे ठोके आम्ही रोज वहीत लिहीत होतो. शेजारच्या पाटावर बसलेल्या बापाचा घास लहान झाला आहे, हे मात्र आम्हांस दिसले नाही.

तपासाअंती आम्ही मुंबईस गेलो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. देशभरातून रोगी तेथे येतात. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो. तेथे आमच्यासारखीच कुटुंबे होती, आणि कोणी कोणाची ओळख विचारण्याआधी चहा पुढे करीत असे.

चाचणीचा दिवस शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात आला. नाकातील नळीवाटे पातळ अन्न कसे घालावे, हे परिचारिकेने आम्हांस शिकविले होते. त्या सकाळी आम्ही तेच करीत होतो. अण्णांना बोलता येत नव्हते. त्यांनी पाटी मागून घेतली आणि लिहिले, “आज शर्यत ना?” आम्ही म्हटले, “पुढच्या वर्षीही आहे, अण्णा.” त्यांनी पाटी पुसली, पण बराच वेळ खाली ठेवली नाही.

जखम भरल्यावर क्षकिरणांचे उपचार झाले. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटते, लाळ आटते, चव जाते. उपचार संपल्यावरही काही आठवडे हा त्रास राहतो. या काळात रोग्याचे वजन उतरू न देणे हे घरच्यांचे मुख्य काम. येथे मैदानाची शिस्त आमच्या उपयोगी पडली. पूर्वी वहीत फेऱ्यांच्या वेळा लिहीत होतो, तेथे आता दूध किती, पेज किती, औषध केव्हा, ताप किती, वजन किती, हे लिहू लागलो. लांब पल्ल्याचा धावणारा पहिल्याच फेरीत दम संपवीत नाही. शुश्रूषाही तशीच आहे. पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस जागून आम्ही स्वतःच आजारी पडलो, तेव्हा हे कळले. मग मामांनी संध्याकाळचा वेळ घेतला आणि आम्ही सकाळी वीस मिनिटे शिवाजी पार्कला धावू लागलो.

खेळ बाजूला ठेवणे आणि खेळ टाकून देणे यांत फरक आहे. बाजूला ठेवलेली वस्तू पुन्हा हाती घेता येते. इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स याने ऑगस्ट २०२० मध्ये पाकिस्तानविरुद्धची कसोटी मालिका अर्ध्यावर सोडली व तो न्यूझीलंडला गेला. त्याच्या वडिलांना मेंदूचा कर्करोग झाला होता. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा खेळू लागला आणि मुंबईविरुद्ध त्याने नाबाद १०७ धावा काढल्या. शतक होताच त्याने एक बोट दुमडून हात वर केला. रग्बी खेळलेल्या वडिलांच्या हाताचे ते बोट अर्धवट होते. डिसेंबरमध्ये वडील वारले. मालिका पुन्हा येतात. ते आठवडे पुन्हा आले नसते.

तथापि आम्ही वाचकांना फसविणार नाही. धावणाऱ्याचा दम दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागतो. आम्ही पुढे धावलो, पण पूर्वीची वेळ पुन्हा साधली नाही, आणि निवड हुकली ती हुकलीच. हे दुःख नव्हते असे म्हणणे खोटे होईल. ते रोग्यासमोर उपकार म्हणून मांडू नये, इतकेच. आपण मुलाच्या वाटेतला धोंडा झालो, असे ज्या बापाला वाटते त्याला औषधही कडू होते.

शेवटी संस्थेच्या मंडळींस एक विनंती. अशा घरी नुसती चौकशी करून परतू नये. एक दिवस रुग्णालयात बसावे, एक डबा पोहोचवावा, रेल्वेच्या सवलतीचा कागद भरून द्यावा. चार घरांनी एकेक पाळी घेतली तर कोण्या मुलीला किंवा मुलाला मैदान पूर्ण सोडावे लागणार नाही.

अण्णांचे बोलणे आता थोडे जड आहे. तरीही ते संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसतात आणि धावणाऱ्या पोरांच्या वेळा आमच्या जुन्या वहीत लिहितात. जवळ कोणी तंबाखू मळू लागला तर त्याला मात्र तेथून उठवितात.