मुख्य ब्रेक-सिलिंडर : जुन्या मालवाहू पिकअपमध्ये बदल करण्यापूर्वी

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर शोळिंगनल्लूर वसलेले आहे. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मेडवाक्कमकडून येणारा रस्ता येथे या हमरस्त्याला मिळतो आणि पुढे बकिंगहॅम कालवा ओलांडून पूर्व किनारा मार्गाकडे जातो. संगणक-उद्योगाच्या उंच इमारतींमुळे हा भाग आज ओळखला जातो; परंतु त्या इमारती बांधण्यासाठी व चालवण्यासाठी लागणारे पुष्कळसे सामान अजूनही लहान मालवाहू गाड्याच वाहून आणतात, आणि त्यांपैकी अनेक गाड्या जुन्या असतात. अशा गाडीचा ब्रेक ‘कमी लागतो’ अशी तक्रार निर्माण झाली, की बहुधा एकच उपाय सुचवला जातो : मास्टर सिलिंडर काढा आणि मोठा बसवा. हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला, तरी तो नेहमी बरोबर असतोच असे नाही. कित्येकदा त्याचा परिणाम अपेक्षेच्या अगदी उलट होतो. तो का, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

दाब आणि द्रव

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम पास्कलने सतराव्या शतकात मांडला. द्रवदाबाच्या ब्रेकचा सारा पाया हाच आहे. चालक पेडल दाबतो. पेडलची तरफ त्याच्या पायाचे बळ काही पटींनी वाढवते. ते बळ मुख्य सिलिंडरातील दट्ट्यावर येते. दट्ट्या द्रव पुढे ढकलतो आणि चाकाजवळील लहान सिलिंडर ब्रेकच्या पट्ट्या ड्रमवर किंवा तबकडीवर दाबून धरतात.

आता एक साधे उदाहरण घेऊ. चालकाच्या पायाचे बळ ३० किलोग्रॅम आहे आणि पेडलची तरफ ते पाचपट करते, असे मानले, तर दट्ट्यावर १५० किलोग्रॅम बळ येईल. सिलिंडरचा व्यास पाऊण इंचाहून थोडा अधिक, म्हणजे ७/८ इंच (२२.२ मिलिमीटर) असेल, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ३.८७ चौरस सेंटिमीटर भरते आणि नळ्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९ किलोग्रॅम होतो. याऐवजी पूर्ण १ इंच (२५.४ मिलिमीटर) व्यासाचा सिलिंडर बसवला, तर क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर होते आणि तेवढ्याच बळाने दाब मात्र सुमारे ३० किलोग्रॅमच मिळतो. म्हणजे सिलिंडर मोठा झाला आणि दाब जवळजवळ एक चतुर्थांशाने घटला! पूर्वीइतकाच दाब हवा असेल, तर चालकाला ३० ऐवजी ३९ किलोग्रॅम बळ लावावे लागेल.

मग मोठ्या सिलिंडरचा उपयोग तरी काय? तो द्रवाच्या राशीत आहे. दट्ट्या ३० मिलिमीटर सरकला, तर लहान सिलिंडर सुमारे ११.६ घनसेंटिमीटर द्रव ढकलतो, मोठा सिलिंडर १५.२ घनसेंटिमीटर. त्यामुळे पेडल थोडेच खाली जाते आणि पायाला ‘कडक’ लागते. नेमक्या याच अनुभवाने फसगत होते. कडक पेडल म्हणजे जोरदार ब्रेक, असे चालकाला वाटते. वस्तुतः त्याच पायाच्या बळाने चाकाशी पोहोचणारा दाब कमी झालेला असतो. रिकाम्या गाडीत हा फरक जाणवत नाही. गाडी भरलेली असताना आणि समोर एखादी शाळेची व्हॅन अचानक थांबलेली असताना तो जाणवतो.

यावरून निष्कर्ष असा, की सिलिंडरचा व्यास चाकांकडील सिलिंडरांच्या मागणीशी जुळला पाहिजे. पुढील चाकांना ड्रमऐवजी तबकडीचे ब्रेक बसवले असतील, तर त्यांच्या दट्ट्यांना अधिक द्रव लागतो आणि तेथे मोठा सिलिंडर आवश्यक ठरू शकतो. पण मग वाढलेल्या बळाची भरपाई करण्यासाठी निर्वात-बूस्टरही त्याच मापाचा हवा. यांपैकी एकच भाग बदलणे म्हणजे तराजूचे एकच पारडे भरण्यासारखे आहे.

खरी सुधारणा : दोन मंडले

जुन्या गाडीत मुख्य सिलिंडर बदलण्याचे सर्वांत सबळ कारण मात्र निराळेच आहे. द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट माल्कम लॉकहीड याला १९१७ मध्ये मिळाले आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. पुढे अनेक दशके बहुसंख्य गाड्यांत एकच दट्ट्या आणि एकच मंडल असे. दुसऱ्या महायुद्धातील जीपचा १ इंच व्यासाचा मुख्य सिलिंडर चालकाच्या पायांखालील पत्र्याच्या खाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात बसवलेला होता. या व्यवस्थेत कोठेही एक नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

दोन दट्ट्यांच्या सिलिंडरात एकापुढे एक असे दोन कप्पे असतात आणि पिकअप गाड्यांत सामान्यतः एक कप्पा पुढील चाकांसाठी, दुसरा मागील चाकांसाठी असतो. एका मंडलातील द्रव गळून गेला, तरी त्या कप्प्याचा दट्ट्या पुढे जाऊन टेकतो आणि दुसरे मंडल काम करीत राहते. पेडल खोल जाते, गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. पण ती थांबते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींना अशी विभागणी सक्तीची झाली. ज्या जुन्या गाडीत अद्याप एकच मंडल आहे, तिच्या बाबतीत व्यासाचा विचार दुय्यम आणि मंडलाच्या विभागणीचा विचार प्रथम, असा क्रम ठेवावा.

‘ऑइल’ नव्हे

गॅरेजमध्ये ब्रेकच्या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. डॉट-३ व डॉट-४ प्रतीचे नेहमीचे द्रव हे ग्लायकॉलवर्गीय असतात; त्यांत खनिज तेल नसते. इंजिनाचे तेल चुकून टाकीत पडले, तर सिलिंडरातील रबरी वॉशर फुगतात आणि सबंध यंत्रणा निकामी होते.

या द्रवाचा दुसरा गुण असा, की तो हवेतील ओलावा शोषून घेतो. कोरड्या डॉट-३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. चौकाचौकांत थांबत जाणाऱ्या भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात. द्रव उकळून त्याची वाफ झाली, तर वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागते. शोळिंगनल्लूरसारख्या समुद्राजवळच्या दमट हवेत, जेथे २०१५ आणि २०२३ च्या डिसेंबरात रस्त्यांवर पुराचे पाणी साचले होते, तेथे तर द्रव नियमाने बदलण्याचे महत्त्व विशेष आहे. पाण्यात उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचा ब्रेक कमी लागत असेल, तर नवा सिलिंडर घेण्यापूर्वी द्रव, ड्रम आणि गंजलेल्या नळ्या तपासाव्यात.

बसवताना

प्रथम निदान करावे. पेडल घट्ट दाबून एक मिनिट धरले असता ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर सिलिंडरातील वॉशर झिजले आहेत, असे समजावे. बूस्टरच्या परीक्षेसाठी इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबावे, शेवटी दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर ठीक आहे.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी पकडीत आडवा धरून त्यातील हवा काढावी. बूस्टरचा दांडा आणि दट्ट्या यांच्यामध्ये उत्पादकाने सांगितलेली बारीक फट राहिलीच पाहिजे. ती राहिली नाही, तर द्रव टाकीत परतण्याचे छिद्र झाकलेले राहते. तापून प्रसरण पावलेल्या द्रवाला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. ड्रमसाठी असलेल्या काही सिलिंडरांत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. तबकडीच्या ब्रेकशी ती जोडली, तर पट्ट्या सतत घासत राहतात. मागील आसाशी जोडलेली भारसंवेदी झडप असल्यास तिला हात लावू नये : गाडी रिकामी असताना मागील चाके एकदम बांधली जाऊन गाडी आडवी फिरू नये, म्हणूनच ती असते.

नळ्यांतील हवा काढताना, उत्पादकाने निराळा क्रम दिला नसेल तर, सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावा. जुनाच सिलिंडर ठेवलेला असेल, तर पेडल तळापर्यंत मारू नये. नेहमीच्या वापरात दट्ट्या जेथे पोहोचत नाही, त्या गंजलेल्या भागावर वॉशर घासून फाटतात.

अखेरीस कायद्याचा मुद्दा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून वेगळे होतील, असा बदल वाहनात करता येत नाही. आणि ब्रेकसंबंधीच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९६ मध्ये दिल्या आहेत. म्हणून इतर गाडीचा सुटा सिलिंडर जुळवून बसवण्यापेक्षा त्याच गाडीच्या पुढील आवृत्तीत उत्पादकाने दिलेला सिलिंडर, बूस्टर आणि झडपा यांचा पूर्ण संच घेणे श्रेयस्कर. असा संच मिळण्यास अडचण नसावी : देशातील ब्रेक-उद्योगाचे एक प्रमुख केंद्र चेन्नईतच आहे. टीव्हीएस समूह आणि ब्रिटनमधील लुकास यांच्या भागीदारीतून १९६२ मध्ये स्थापन झालेला ब्रेक्स इंडियाचा कारखाना याच शहरातील पाडी येथे आहे. संच बसवल्यानंतर प्रथम मोकळ्या जागेत रिकाम्या गाडीने, नंतर अर्ध्या भाराने आणि शेवटी पूर्ण भाराने थांबण्याचे अंतर मोजून पाहावे. पूर्ण भाराची परीक्षा झाल्याशिवाय गाडी रहदारीत नेऊ नये.