तिऱ्हाइताची लायब्ररी आणि आपले अक्षर
(डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथनच्या लायब्ऱ्या बसविण्याचा एक पाठ)

मुद्रणकलेचे प्रकरण शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना दोन नावे आवर्जून लिहून घ्यावयास सांगतो. पहिले गणपत कृष्णाजी यांचे. त्यांनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापले आणि पुढे देवनागरीचे खिळेही स्वतः तयार केले. दुसरे जावजी दादाजी यांचे. खिळे ओतण्याच्या व्यवसायातून वर येऊन त्यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. या दोघांची आठवण ठेवण्याचे कारण एवढेच, की ते केवळ यंत्र चालविणारे नव्हते. यंत्रात जे घालावयाचे, ते घडविण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली होती.

आज आपल्या सांगोला तालुक्यात लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या आणि डाळिंबाच्या पेट्यांवरील लेबले संगणकावर तयार होतात. हे काम करणारी पुष्कळ मुले शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या घरातील आहेत. कोणते बटण कोठे आहे हे त्यांना उत्तम ठाऊक असते. परंतु तीनशे प्रमाणपत्रांवर तीनशे नावे घालावयाची वेळ आली, की तीच मुले एकेक नाव उचलून एकेका कागदावर चिकटवीत रात्र काढतात. हे काम संगणकाकडून काही मिनिटांत करून घेता येते. त्यासाठी सॉफ्टवेअरला आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून द्यावी लागते आणि त्या स्क्रिप्टला बहुधा एखादी तयार लायब्ररी लागते. ती लायब्ररी बसविताना जी अडचण येते, तिच्यापाशीच अनेकांचा प्रवास थांबतो. प्रस्तुत लेखात त्या अडचणीचे कारण आणि तिच्यावरील उपाय क्रमाने सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. लायब्ररी म्हणजे काय?

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञांचा संग्रह. एक्सेलच्या तक्त्यातील नावे वाचावयाची असतील, तर ते वाचन शून्यापासून लिहिण्याची गरज नाही. ‘ओपनपायएक्सेल’ नावाची लायब्ररी ते काम करते. ही लायब्ररी डिझाइनचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी लिहिलेली नसते आणि आपणही लिहिलेली नसते. म्हणून ती तिऱ्हाइताची.

इंकस्केप, स्क्रायबस, ब्लेंडर, फ्रीकॅड ही विनामूल्य सॉफ्टवेअरे ‘पायथन’ या संगणकभाषेत लिहिलेल्या स्क्रिप्ट स्वीकारतात. ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. त्यांचे धाकटे बंधू युस्ट व्हॅन रॉसम हे अक्षररचनाकार आहेत. फाँटच्या फायली उघडणारी आणि दुरुस्त करणारी ‘फाँटटूल्स’ ही पायथनमधील लायब्ररी त्यांनी सुरू केली आणि आज जगभरातील फाँटकार ती वापरतात. थोरल्या भावाने भाषा घडविली आणि धाकट्याने त्या भाषेतून अक्षरांसाठी अवजार घडविले.

या अवजाराशी मराठीचाही संबंध येतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळा असतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ या शब्दांत अर्ध्या र ची आडवी खूण लागते आणि ‘आर्य’ या शब्दात रफार लागतो. एकाच फाँटमध्ये ही दोन्ही वळणे ठेवून मजकूर मराठी असल्यास मराठी अक्षर दाखवावे, अशी सोय करता येते. आपल्या फाँटमध्ये ती सोय आहे की नाही, हे फाँटटूल्सच्या साहाय्याने तपासता येते. मुंबईतील ‘एक टाइप’ या गटाने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत. शिकणाऱ्याने ते उतरवून घ्यावेत आणि त्यांच्यावर हात बसवावा.

२. अडचण नेमकी कोठे?

विद्यार्थी पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून पायथन उतरवून घेतो. ‘पिप’ या साधनाने लायब्ररी बसवितो. ‘यशस्वीरीत्या बसविली’ असे संगणकही सांगतो. मग तो इंकस्केप किंवा ब्लेंडर उघडून स्क्रिप्ट चालवितो, तेव्हा उत्तर येते की या नावाचा कोणताही भाग सापडत नाही. पुन्हा बसवावी, तर ‘आधीच बसविलेली आहे’ असे कळते. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असतात. येथेच शिकणारा गोंधळतो आणि आपल्यालाच हे जमत नाही असे मानून बाजूला होतो.

कारण साधे आहे. त्या संगणकात पायथन एक नसून दोन आहेत. विंडोजवर ब्लेंडर आणि इंकस्केप आपापले पायथन बरोबर घेऊन येतात. त्यांचे कपाट निराळे आणि विद्यार्थ्याने बसविलेल्या पायथनचे कपाट निराळे. पुस्तक वाचनालयात जमा झाले, पण वर्गातील कपाटात शोधले, तर ते कसे मिळावे? म्हणून पहिला नियम असा : लायब्ररी संगणकात बसवावयाची नसते, ज्या पायथनकडून ती वाचली जाणार, त्याच्याच कपाटात ती ठेवावयाची असते.

दुसरी अडचण जातकुळीची. काही लायब्ऱ्या निव्वळ पायथनमध्ये लिहिलेल्या असतात. त्या बहुतेक ठिकाणी चालतात. ओपनपायएक्सेल त्यांपैकीच. काहींचा मोठा भाग सी भाषेत लिहून यंत्रभाषेत उतरविलेला असतो. गणितासाठीची ‘नमपाय’ ही तशी. अशी लायब्ररी पायथनच्या विशिष्ट आवृत्तीशी आणि विशिष्ट संगणकप्रणालीशी जखडलेली असते. पायथन ३.११ साठी बांधलेली फाइल ३.९ मध्ये चालणार नाही. वास्तुरचनेत वापरल्या जाणाऱ्या ऱ्हायनो या सॉफ्टवेअरमध्ये अनेक वर्षे ‘आयर्नपायथन’ हा निराळ्या घडणीचा पायथन होता आणि त्यात नमपाय चालत नसे. २०२३ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत नेहमीचा पायथन ३ आला आणि ही अडचण दूर झाली.

३. कृती

पुढील आज्ञा संगणकावर रोमन लिपीत लिहावयाच्या आहेत; येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिली पायरी विचारण्याची. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच एक लहानशी स्क्रिप्ट लिहावी. ‘सिस’ हा पायथनचा अंगभूत भाग आयात करून ‘सिस डॉट व्हर्जन’ आणि ‘सिस डॉट पाथ’ छापावे. पहिल्यातून पायथनची आवृत्ती कळते. दुसऱ्यातून तो कोणकोणत्या कपाटांत शोधतो ते कळते. हे दोन्ही वहीत लिहून ठेवावे. या पायरीला दोन मिनिटे लागतात आणि दोन दिवसांचा मनस्ताप वाचतो.

दुसरी पायरी जुळवून पाहण्याची. लायब्ररीची बांधीव फाइल ‘व्हील’ या प्रकारची असते आणि तिच्या नावातच तिची ओळख असते. नावात ‘सीपी ३११’ असेल, तर ती पायथन ३.११ साठी. ‘विन’ असेल, तर विंडोजसाठी. शेवटी ‘पाय३, नन, एनी’ असेल, तर ती निव्वळ पायथनची आणि कोणत्याही प्रणालीवर चालणारी.

तिसरी पायरी बसविण्याची. नुसते ‘पिप इन्स्टॉल’ लिहू नये. आपल्याला हव्या त्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहून त्यापुढे ‘वजा-चिन्ह एम, पिप, इन्स्टॉल’ आणि लायब्ररीचे नाव लिहावे. ब्लेंडरमध्ये तो पायथन ब्लेंडरच्याच फोल्डरात, आवृत्तीच्या क्रमांकाखाली असतो. पत्ता लिहिल्यामुळे कोणत्या कपाटात ठेवावयाचे याविषयी संशय उरत नाही.

इंकस्केपसाठी निव्वळ पायथनची लायब्ररी असेल, तर याहून सोपा मार्ग आहे. इंकस्केपच्या प्राधान्यक्रमांत, सिस्टिम या पानावर, वापरकर्त्याच्या एक्स्टेन्शनचे फोल्डर कोठे आहे ते दिलेले असते. आपली स्क्रिप्ट त्या फोल्डरात ठेवावी आणि लायब्ररीचे फोल्डर तिच्या शेजारीच ठेवावे. पायथन स्क्रिप्टच्या शेजारी आधी पाहतो, म्हणून ती सापडते. मात्र लायब्ररीचीही लायब्ररी असू शकते, हे विसरू नये. ओपनपायएक्सेलला ‘ईटी-एक्सएमएलफाइल’ नावाची आणखी एक लायब्ररी लागते. पिपने बसविले, तर अशी सोबतीण आपोआप येते. हाताने ठेवले, तर तिचे फोल्डरही आपणच आणून ठेवावे लागते.

चौथी पायरी पडताळण्याची. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे आणि लायब्ररी फक्त आयात करून पाहावी. ती मुकाट्याने आयात झाली, तरच पुढील स्क्रिप्ट लिहावी.

पाचवी पायरी आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची आहे. इंटरनेट संथ असेल किंवा संगणककक्षात ते नसेलच, तर चांगली जोडणी असलेल्या एका संगणकावर ‘पिप डाउनलोड’ ही आज्ञा देऊन सर्व फायली एका फोल्डरात उतरवाव्यात. तो संगणकही त्याच प्रणालीचा आणि त्याच आवृत्तीच्या पायथनचा असावा. मग फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन इतर संगणकांवर बसवावे. त्या वेळी ‘नो इंडेक्स’ आणि ‘फाइंड लिंक्स’ ही दोन पदे जोडली, की पिप बाहेर न जाता त्या फोल्डरातच शोधतो. एकदा उतरविलेल्या लायब्ररीवर वसतिगृहाचा सारा संगणककक्ष चालू शकतो.

४. जुन्या स्मरणिकांचा प्रश्न

ही खटपट कशासाठी, असे पालक विचारतील. उत्तर आपल्या कपाटातच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा पुष्कळसा मराठी मजकूर पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या किंवा सी-डॅकच्या फाँटमध्ये टंकित झालेला आहे. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. तो फाँट संगणकात नसेल, तर आपल्या माणसांची नावे, भाषणे, वर्गणीदारांच्या याद्या यांच्या जागी निरर्थक चिन्हांची ओळ दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण वाचताही येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट जाळून टाकलेल्या दप्तराइतकीच अस्वस्थ करते.

तो मजकूर परत मिळविता येतो. कोणत्या चिन्हासाठी कोणते अक्षर, याची सारणी करून स्क्रिप्ट लिहावी लागते. केवळ अदलाबदल पुरत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार नंतर टंकला जाई, युनिकोडमध्ये तो आधी येतो. म्हणून ‘कीर्ती’ आणि ‘विद्यार्थी’ हे शब्द नीट उतरले की नाही, यावर स्क्रिप्टची परीक्षा घ्यावी. हे काम मराठी शुद्ध वाचणारा आणि थोडे पायथन जाणणारा विद्यार्थीच करू शकतो. त्यासाठी परदेशातून कोणी येणार नाही.

५. विश्वासाची कसोटी

पायथनच्या सार्वजनिक भांडारात पाच लाखांहून अधिक लायब्ऱ्या आहेत. तेथे कोणीही आपली लायब्ररी ठेवू शकतो. या मोकळेपणातून विद्या वाढते आणि धोकाही येतो. प्रसिद्ध लायब्ररीच्या नावात एखादे अक्षर बदलून घातक लायब्ररी ठेवण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. आपण बसविलेली लायब्ररी आपल्याच अधिकाराने चालते. जी फाइल आपण उघडू शकतो, ती तीही उघडू शकते. म्हणून नावाचे स्पेलिंग दोनदा तपासावे, लेखक कोण आणि शेवटची सुधारणा केव्हाची ते पाहावे, परवाना वाचावा. विद्यार्थ्यांची माहिती ज्या संगणकावर आहे, त्यावर अनोळखी लायब्ररी बसवू नये.

तिऱ्हाइतावर अवलंबून राहण्याची दुसरी बाजूही आहे. २०१६ साली जावास्क्रिप्ट या भाषेच्या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या अकरा ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प बांधले जाईनात. तात्पर्य, जे वापरतो त्याची यादी आवृत्तीच्या क्रमांकासह लिहून ठेवावी आणि उतरविलेल्या फायलींची एक प्रत आपल्यापाशी जपावी.

६. पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी

महागडे सॉफ्टवेअर नसल्याने मुलगी मागे पडेल, ही भीती बाळगू नये. ब्लेंडर हे आज चित्रपटांतही वापरले जाणारे सॉफ्टवेअर एकेकाळी एका कंपनीच्या मालकीचे होते. २००२ साली जगभरातील वापरकर्त्यांनी काही आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी जमवून ते सर्वांसाठी खुले करून घेतले. वर्गणीतून संस्था उभी राहते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात इंकस्केप, ब्लेंडर आणि पायथन यांचे विनामूल्य पाठ आहेत आणि त्या प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीत ऐकता येतात.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात नोकरी करतात, त्यांच्याकडे आमची एकच मागणी आहे. शाळेला भेट द्याल, तेव्हा भेटवस्तूबरोबर एक पेनड्राइव्ह आणावा. त्यात जुळणाऱ्या आवृत्तीच्या लायब्ऱ्या, त्यांची यादी आणि कोणती कोठे बसवावयाची याचे एक पान मराठीत लिहिलेले असावे. आणि आपल्या घरी जुन्या स्मरणिकांच्या फायली सीडीवर पडून असतील, तर त्याही आणाव्यात. त्या सीडी दरवर्षी थोड्या थोड्या निकामी होत आहेत आणि त्यांवरील नावे वाचणारी मुले आता आपल्या वर्गांत बसलेली आहेत.