धनेशाचा संसार

मुंबईला गेलो की आपण समुद्र बघतो, बाजार बघतो. एकदा बायकामुलांना घेऊन संग्रहालयही बघू या. फोर्ट भागात मोठ्या घुमटाची एक इमारत आहे. १९२२ साली ती लोकांना खुली झाली. आज तिला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात.

तिथे एक दालन पशुपक्ष्यांचे आहे. काचेआड वाघ आहे, गवा आहे. ते जिवंत नाहीत बरं का! पेंढा भरून ठेवले आहेत.

तिथेच धनेश पक्षी आहे. मोठी पिवळी चोच, चोचीवर टोप. हा पक्षी कोकणात, सह्याद्रीच्या रानात राहतो. त्याचा संसार कसा चालतो, ते मुलांना सांगू या.

धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते. ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत अंडे घालते, उबवते. तीन-चार महिने ती बाहेर येत नाही. नर वडा-उंबराची फळे आणतो आणि फटीतून तिला भरवतो. पिल्लालाही तोच पोसतो.

अशा वेळी कोणी नराला मारले, तर एकच जीव जातो का? नाही. आत मादी आणि पिल्लू उपाशी पडतात.

आणि झाड तोडले तर? “पोकळ झाड, काय कामाचे?” असे आपण म्हणतो. पण धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. तयार ढोली हेच त्याचे घर. शिवाय तो फळे खातो, बिया दूर टाकतो. त्यातून नवी झाडे उगवतात.

काचेआडचा धनेश आहे तसाच राहील. रानातला राहायला हवा, तर जुनी झाडे आपणच राखली पाहिजेत.